आयत्या घरातला खेकडा आणि पीटर फोर्सकोल
(एस. वाय. बी. ए., इतिहास)

इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने समुद्रातल्या किड्यांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. संपादक मंडळातल्या एका मित्राने तर विचारलेच, की शास्त्र शाखेचा विषय तू कशाला घेतोस? माझे म्हणणे असे, की मला किड्याविषयी लिहायचे नसून एका माणसाविषयी लिहायचे आहे. पण त्या माणसाकडे जाणारी वाट त्या किड्यावरून जाते, त्याला माझा इलाज नाही.

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्याने कष्टाने पोखरलेल्या बिळात नाग येऊन राहतो आणि मालक बाहेर. समुद्रात एक प्राणी असा आहे, की तो या नागोबाच्याही पुढे गेला. नाग नुसते बीळ बळकावतो; हा प्राणी घरमालकालाच आतून खाऊन टाकतो आणि त्याचे जे अंग उरते त्याचेच घर करून राहतो. या प्राण्याचे शास्त्रीय नाव 'फ्रोनिमा सेडेंटारिया'. कोळंबी, खेकडे ज्या कवचधारी प्राण्यांच्या वर्गात येतात त्याच वर्गातला हा एक लहानसा जीव. शास्त्रज्ञांच्या पद्धतीप्रमाणे त्याच्या नावापुढे कंसात पहिले वर्णन करणाऱ्याचे आडनाव आणि साल लिहितात : (फोर्सकोल, १७७५). आता गंमत अशी, की हा फोर्सकोल १७६३ सालीच येमेनमधल्या एका डोंगराळ गावी वारला होता. मेलेल्या माणसाने बारा वर्षांनी नाव कसे दिले, या कुतूहलापोटी मी त्याचे चरित्र वाचू लागलो.

पीटर फोर्सकोल ११ जानेवारी १७३२ रोजी हेलसिंकी येथे जन्मला. फिनलंड त्या काळी स्वीडनच्या राज्यात होता. वडील लुथेरन पंथाचे धर्मोपदेशक, त्यामुळे घरात पुस्तके होती, लॅटिन होते. पुढे कुटुंब स्वीडनमध्ये आले आणि हा मुलगा दहाव्या वर्षी उप्साला विद्यापीठाच्या पटावर चढला! आमच्या घरात माझ्याआधी शाळेची शेवटची यत्ता कोणी पाहिली नव्हती. माझ्या प्रवेशअर्जावर वडिलांनी सही केली ती दोन दिवस कोऱ्या कागदावर गिरवून. तेव्हा दहा वर्षांच्या पोराचे नाव विद्यापीठाच्या वहीत, हे वाक्य उतरवताना थोडा हेवा वाटला, हे सांगून टाकलेले बरे.

उप्सालाला त्या वेळी कार्ल लिनियस शिकवीत होता. सगळ्या वनस्पतींना आणि प्राण्यांना दोन शब्दी नावे देण्याची आज रूढ असलेली पद्धत त्याची. आपल्या शिष्यांना तो जगाच्या कानाकोपऱ्यांत धाडीत असे, आणि त्यांपैकी कित्येकजण परत आले नाहीत. फोर्सकोलने त्याच्याकडे निसर्गशास्त्राचे धडे घेतले आणि मग जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात जाऊन मिखाएलिस नावाच्या प्राध्यापकाकडे हिब्रू-अरबीसारख्या पौर्वात्य भाषांचा अभ्यास केला. १७५६ साली तेथेच तो डॉक्टर झाला. प्रबंध होता तत्त्वज्ञानावर, आणि तोही त्या वेळी जर्मनीत ज्याचा बोलबाला होता त्या व्होल्फच्या तत्त्वज्ञानावर शंका घेणारा. चोविसाव्या वर्षी प्रस्थापित पंडिताच्या मूळ पायावरच बोट ठेवायचे, हा त्याचा स्वभाव. तो उद्धट होता, हट्टी होता, वादात हार मानीत नसे, असेच त्याच्या ओळखीच्या सर्वांचे मत दिसते.

या स्वभावाचा कडेलोट १७५९ साली झाला. स्वीडनला परतल्यावर त्याने नागरी स्वातंत्र्यावर एक निबंध लिहिला. विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने तो नाकारला. दुसरा कोणी असता तर बाड गुंडाळून गप्प बसला असता. याने काय केले? लॅटिनमध्ये लिहिलेले तेच विचार लोकांच्या भाषेत, म्हणजे स्वीडिशमध्ये आणले आणि छापायला दिले. सरकारी परीक्षकाने त्यातला काही भाग कापला, तरी उरले तेही थोडे नव्हते. एकवीस छोट्या परिच्छेदांची ती पुस्तिका. छापण्याचे स्वातंत्र्य हवे. माणसाला आपला धंदा निवडता यावा. सरकारी जागा वशिल्यावर नव्हे तर लायकीवर मिळाव्यात. आणि जुलूम फक्त राजाच करतो असे नसून सत्ता हाती आलेले आपलेच देशबांधवही तो करू शकतात. असा सगळा मजकूर! २३ नोव्हेंबर १७५९ रोजी ती छापून आली आणि लेखकाने स्वतः विद्यार्थ्यांमध्ये वाटली. सरकारने ताबडतोब बंदी घातली. प्रती गोळा करण्याचे काम विद्यापीठाच्या कुलगुरूंवर आले, आणि त्या वर्षी त्या पदावर होता कोण? खुद्द लिनियस! गुरूने शिष्याची पुस्तके जप्त करायची. पाचशे प्रतींपैकी हाती लागल्या अवघ्या एकोणऐंशी. बाकीच्या चारशेवीस-एकवीस प्रती कोणाच्या गादीखाली, कोणाच्या ट्रंकेत गेल्या असतील, याची कल्पना कोणताही वसतिगृहातला विद्यार्थी करू शकेल. लिनियसने शोध किती मनापासून घेतला असेल, याविषयी मला माझी शंका आहे.

अशा माणसाला मायदेशी नोकरी मिळणे कठीणच होते. त्याच सुमारास डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक अरबस्तानात विद्वानांची एक तुकडी पाठवीत होता. कल्पना मिखाएलिसची. निसर्गशास्त्रज्ञ म्हणून त्याने आपल्या जुन्या विद्यार्थ्याचे नाव सुचवले. फोर्सकोलने आपल्याला प्राध्यापक हा किताब हवा असा आग्रह धरला आणि तो मिळवला.

तुकडीत सहाजण होते. भाषापंडित फॉन हाव्हेन, निसर्गशास्त्रज्ञ फोर्सकोल, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरनफाइंड, पूर्वी घोडदळात असलेला सेवक बेर्गग्रेन, आणि मोजणीदार कार्स्टन नीबूर. हा नीबूर वाचकांनी लक्षात ठेवावा. उत्तर जर्मनीतल्या दलदलीच्या मुलखात शेतकऱ्याच्या घरी १७३३ साली जन्मलेला, लहानपणीच आईबाप गेलेले, शेतावर राबून मोठा झालेला. पुढे जमिनीची मोजणी शिकावी म्हणून वयाने बरोबरीची मुले पदव्या घेऊन बाहेर पडत असताना हा शाळेच्या बाकावर बसला. त्यालाही प्राध्यापक हा किताब देऊ केला होता. त्याने तो नाकारला; आपली तेवढी विद्वत्ता नाही असे त्याला वाटले. शेवटी त्याला लेफ्टनंटचा हुद्दा दिला. एकाने मागून घेतलेला किताब दुसऱ्याने मिळत असताना परत करावा! वर्गात उत्तर येत असूनही ज्याचा हात वर जात नाही, अशा मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला नीबूर चटकन कळेल. मला तो कळला. पण त्याने किताब नाकारला हे बरोबर केले असे मात्र मला वाटत नाही.

४ जानेवारी १७६१ रोजी 'ग्रोनलंड' नावाच्या युद्धनौकेतून ही मंडळी कोपनहेगनहून निघाली. वादळांनी जहाज पुन्हा पुन्हा मागे रेटले. फॉन हाव्हेनला समुद्र इतका लागला, की तो उतरून खुष्कीच्या मार्गाने मार्सेलला गेला. फोर्सकोलला मात्र समुद्र म्हणजे उघडे पडलेले ग्रंथालयच वाटले असावे. भूमध्य समुद्रात पाण्यातून जे जे वर येई ते तो पाही, आणि वर येणाऱ्यात बरेचसे असत ते अगदी पारदर्शक, लिबलिबीत प्राणी. आपण ज्याला जेलीफिश म्हणतो तसे, आणि त्याहूनही विचित्र. रात्री पाण्यात चमकणाऱ्या एका जेलीफिशला त्याने दिलेल्या नावाचा अर्थ 'रात्रीचा दिवा' असाच आहे. या प्राण्यांची अडचण अशी, की हाताला लागले न लागले तोच ते विरघळायला लागतात. फुलपाखरासारखे टाचणीला टोचून ठेवता येत नाहीत, झाडाच्या पानासारखे कागदात दाबता येत नाहीत. तेथल्या तेथे पाहायचे, लिहायचे, आणि शेजारी चित्रकाराने चित्र काढायचे. बाउरनफाइंडने ती काढली.

अशाच प्राण्यांत साल्पा नावाचा एक आहे. 'साल्पा' हे त्याच्या कुळाचे नाव फोर्सकोलनेच दिले. दोन्ही टोकांना उघडे असलेले, काचेसारखे स्वच्छ, बोटभर लांबीचे पिंप डोळ्यांपुढे आणा. एका तोंडाने पाणी आत घ्यायचे, त्यातले सूक्ष्म अन्न आतल्या जाळीत गाळून घ्यायचे आणि दुसऱ्या तोंडाने पाणी बाहेर सोडत पुढे सरकायचे, हा त्याचा जन्मभराचा उद्योग. दिसायला जेलीफिशसारखा असला तरी तो त्याचा भाऊबंद नव्हे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा, म्हणजे पर्यायाने तुमचाआमचा, तो दूरचा नातेवाईक आहे. हजारोंच्या थव्याने राहणाऱ्या एका छोट्या साल्पाला फोर्सकोलने जे नाव दिले त्यात 'डेमोक्रॅटिका' हा शब्द आहे. म्हणजे लोकशाहीवादी! ते नाव त्याला का सुचले ते त्याचे तोच जाणे. पण स्वातंत्र्यावरची पुस्तिका जप्त झालेल्या माणसाने समुद्रातल्या एका बुळबुळीत समाजाला लोकशाहीचे प्रशस्तिपत्र द्यावे, हे मला तरी आवडले.

आणि याच साल्पाच्या घरातला बिऱ्हाडकरू म्हणजे आपली फ्रोनिमा. फोर्सकोलने तिला खेकड्यांत घालून 'कॅन्सर सेडेंटेरियस', म्हणजे बैठा खेकडा, असे नाव दिले. लॅटिनमध्ये 'कॅन्सर' म्हणजे खेकडा. 'फ्रोनिमा' हे कुळाचे नाव पुढे १८०२ साली लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. घर आणि घरात घुसलेला दोघेही एकाच माणसाच्या वहीत उतरले, ही गोष्ट थोडी नव्हे.

आता या बैठ्या खेकड्याचा संसार पाहू. मादी साधारण बोटाच्या दोन पेरांएवढी, नर तिच्याहून बराच लहान. अंग काचेसारखे आरपार दिसणारे. डोक्याचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला, आणि डोळे एकूण चार : दोन वर पाहणारे प्रचंड, दोन बाजूचे लहान. उघड्या समुद्रात लपायला ना खडक ना शेवाळ, तेव्हा दिसू नये आणि आपल्याला मात्र दिसावे, याची ही तजवीज. मादी एखादा साल्पा गाठते, नख्यांनी धरते, आतले सगळे अवयव खाऊन टाकते आणि बाहेरची जाड पारदर्शक भिंत तेवढी ठेवते. ती भिंत कातरून, तासून, दोन्हीकडे उघडे असे नीटनेटके पिंप करते आणि पाय आत रोवून त्यात बसते. मागचे पाय बाहेर काढून वल्ह्यासारखे मारले की पिंपासकट ती पोहत निघते. पिले झाली की ती याच पिंपाच्या आतल्या बाजूला ठेवलेली असतात. तेव्हा ते घर, होडी आणि पाळणा असे तिन्ही होते. एका मित्राच्या मोबाईलवर मी याची चित्रफीत पाहिली. बाबागाडी ढकलणाऱ्या बाईची आठवण होते, आणि लगेच ही गाडी कशाची बनली आहे तेही आठवते.

याला परोपजीवी म्हणावे की नुसता शिकारी? यावर अभ्यासकांत बराच खल झालेला आहे. आपल्या आंब्यावरचे बांडगूळ झाडाचा रस पिते, पण झाड लगेच मरत नाही. मेले तर बांडगुळाचेही मरण असते. फ्रोनिमा मालकाला ठार करते, म्हणून ती खरी बांडगूळ नव्हे. वाघ मात्र हरणाच्या कातड्यात संसार थाटत नाही, म्हणून ती नुसती शिकारीही नव्हे. काही माशा सुरवंटाच्या अंगात अंडी घालतात आणि अळ्या सुरवंटाला आतून संपवतात; त्या दोहोंच्या मधल्या जातीत तिला बसवतात. तिच्याच गोतावळ्यातल्या इतर जीवांचे प्रकार याहून सौम्य आहेत. विबिलिया नावाचा एक जीव साल्पाच्या आत राहून त्याने गाळून गोळा केलेल्या अन्नावर ताव मारतो. यजमान जगतो, फक्त पानातला घास कमी होतो. हायपेरिया जेलीफिशच्या अंगावर राहतो. या गोतावळ्यातल्या जवळजवळ सर्वांना आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर अशा लिबलिबीत यजमानाचा आधार लागतोच. हे सारे नीट कळले ते फार उशिरा, कारण जाळ्यात सापडले की यजमान फाटतो आणि बिऱ्हाडकरू सुटा होतो. १९७० नंतर काही शास्त्रज्ञ स्वतः पाणबुड्यांप्रमाणे उघड्या समुद्रात उतरले, तेव्हा कोण कोणाच्या घरात राहतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९७७ साली त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. पुढे २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवले, की फ्रोनिमाच्या पिंपाच्या भिंतीत मूळ प्राण्याच्या काही पेशी जिवंतच राहतात. मालक मेला, पण घर पुरते मेलेले नाही! हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो होतो.

असो. मंडळी पुढे कॉन्स्टँटिनोपलला पोचली आणि तेथे जे घडले ते नाटकात शोभावे असे. फॉन हाव्हेन आणि फोर्सकोल यांचे पहिल्यापासून पटत नव्हते. हाव्हेनने त्या शहरात सोमलाची पुडकी विकत घेतल्याचे बाकीच्यांना कळले. हा आपल्याला जेवणातून विष घालणार, या भीतीने त्यांनी डेन्मार्कला पत्रे पाठवली. विष कोणी कोणाला घातले नाही. पण एकाच हंडीतले जेवायचे आणि प्रत्येक घासाला शेजाऱ्याकडे पाहायचे, असा हा प्रवास पुढे चालू राहिला.

इजिप्तमध्ये ते वर्षभर होते. फोर्सकोल गरीब शेतकऱ्यासारखे कपडे घालून वनस्पती गोळा करीत हिंडे. तरी लुटारूंनी एकदा त्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा काढून नेले. १७६२ च्या ऑक्टोबरात सुएझहून तांबड्या समुद्रात शिरल्यावर त्याला माशांचे भांडार सापडले. येथे त्याने जे केले त्याकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. त्याला अरबी चांगले येत होते. तो कोळ्यांना माशांची नावे विचारी आणि बऱ्याच ठिकाणी तीच नावे शास्त्रीय नाव म्हणून लिहून ठेवी. बोहार, हरीद, सोहल, अबूदेफदूफ. तांबड्या समुद्राच्या काठावर जाळी ओढणाऱ्या, अक्षर न ओळखणाऱ्या माणसांच्या तोंडचे हे शब्द आज जगातल्या प्रत्येक मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात आहेत. माझ्या आजीला रानातल्या पन्नासेक भाज्यांची नावे येतात, आणि त्यांतले एकही मी कोणत्या छापील पुस्तकात अजून पाहिलेले नाही. म्हणून उप्सालाच्या या गर्विष्ठ पंडिताने कोळ्यांपुढे वही उघडून बसावे, याचे मला फार मोल वाटते. मासेही त्याने कसे टिकवले पाहा : अर्धी कातडी सोलून, वाळवून, पानाफुलांसारखी कागदावर चिकटवली.

डिसेंबर १७६२ च्या अखेरीस मंडळी येमेनच्या किनाऱ्यावर उतरली. १७६३ च्या वसंतात फोर्सकोलला तेथे सुगंधी बाल्समचे झाड सापडले. बायबलच्या काळापासून नावाजलेले आणि लिनियसला अनेक वर्षे हवे असलेले हे झाड. गुरूला ते पत्राने कळवले. पण तोवर हिवतापाने सगळ्यांना गाठले होते. त्या काळी हा रोग डासांमुळे होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. २५ मे रोजी मोखा बंदरात फॉन हाव्हेन वारला. उरलेले सना शहराकडे डोंगर चढू लागले. वाटेत फोर्सकोलची प्रकृती इतकी ढासळली, की त्याला उंटावर बांधून न्यावे लागले. यरीम या गावी ११ जुलै १७६३ रोजी त्याने प्राण सोडला. वय एकतीस. परक्या धर्माच्या माणसाचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. रात्री कसेबसे दफन झाले. पेटीत पुरले म्हणून आत धन असेल या समजुतीने चोरांनी पुढे ते थडगेही उकरले.

यापुढची गोष्ट आपल्या मुंबईत येते. मोखाहून उरलेले चौघे इंग्रजांच्या जहाजावर चढले. बाउरनफाइंड आणि बेर्गग्रेन ऑगस्टच्या अखेरीस लागोपाठच्या दोन दिवसांत समुद्रातच गेले. नीबूर आणि क्रामर सप्टेंबर १७६३ मध्ये मुंबईस पोचले आणि पुढच्या फेब्रुवारीत क्रामरही मुंबईतच वारला. सहांपैकी एक उरला : किताब नाकारणारा मोजणीदार. वर्षाहून अधिक काळ तो या बाजूस होता. मधल्या काळात सुरतेस जाऊन आला आणि घारापुरीच्या लेण्यांत पुन्हा पुन्हा जाऊन त्याने त्यांचे मोजमाप घेतले, मूर्तींची चित्रे काढली. गेल्या वर्षी इतिहास विभागाची सहल घारापुरीस गेली तेव्हा आमच्या सरांनी त्रिमूर्तीसमोर उभे राहून नीबूरचे नाव घेतले होते. सगळे सोबती गमावलेला, नुकताच आजारातून उठलेला माणूस त्याच खांबांच्या ओळीत मोजणीची साखळी लावीत होता, हे तेव्हा माहीत नसल्याने माझे लक्ष माकडांकडेच अधिक होते.

डिसेंबर १७६४ मध्ये मुंबई सोडून तो इराणमार्गे निघाला. पर्सेपोलिसचे शिलालेख त्याने इतके अचूक उतरवले, की पुढे त्यांच्याच आधारे १८०२ साली ग्रोटेफेंडने कीलाकार लिपी वाचायला सुरुवात केली. १७६७ च्या नोव्हेंबरात तो कोपनहेगनला परतला तेव्हा राजा मेलेला होता, आणि थोड्याच वर्षांत या मोहिमेचा पाठीराखा मंत्रीही पदावरून गेला. फोर्सकोलने पाठवलेले मद्यार्कातले नमुने दुर्लक्षामुळे बरेचसे नासले होते. उरले होते कागद. लहान लहान चिठ्ठ्यांवर, लॅटिनमध्ये, घाईत खरडलेले. नीबूर ना निसर्गशास्त्रज्ञ ना लॅटिनचा पंडित. तरीही त्याने दुसऱ्यांची मदत घेऊन ते जुळवले. १७७५ साली प्राण्यांच्या वर्णनाचे एक आणि इजिप्त-अरबस्तानच्या वनस्पतींचे एक अशी दोन पुस्तके निघाली, आणि १७७६ साली बाउरनफाइंडच्या चित्रांचे तिसरे. लेखकाच्या मृत्यूनंतर नीबूरने प्रसिद्ध केले, अशी नोंद मुखपृष्ठावर आहे. साल्पा, रात्रीचा दिवा, बैठा खेकडा, बोहार आणि हरीद ही सारी मंडळी त्या प्राण्यांच्या पुस्तकातून जगापुढे आली. त्या कंसातल्या १७७५ चा उलगडा हा असा आहे.

तिकडे स्वीडनमध्ये २ डिसेंबर १७६६ रोजी छापण्याच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. त्यासाठी झगडला तो फिनलंडचाच आणखी एक धर्मोपदेशक, आंडर्स शिडेनियस. फोर्सकोलला यरीमच्या मातीत जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. लिनियसने १७६४ साली अंगाला चिकटणाऱ्या एका झुडपाला शिष्याचे नाव दिले : 'फोर्सकोलिया टेनासिसिमा'. दुसऱ्या शब्दाचा अर्थ अत्यंत चिवट. यात कौतुक किती आणि चिमटा किती हे ज्याने त्याने ठरवावे. मला दोन्ही दिसतात.

नीबूर पुढे मेलडॉर्फ नावाच्या लहानशा गावी सरकारी कारकुनी करीत राहिला. म्हातारपणी दृष्टी गेली. २६ एप्रिल १८१५ रोजी तो वारला. रोमच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून आपण ज्याचे नाव ऐकतो तो बार्टोल्ड नीबूर त्याचाच मुलगा, आणि बापाचे चरित्रही त्याने लिहिले. फोर्सकोलने सोलून कागदावर चिकटवलेले मासे, त्यांपैकी नव्व्याण्णव, कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहात अजून आहेत. साल्पा आणि त्याच्या पिंपात बसणारी फ्रोनिमा यांच्यापैकी मात्र तशा कागदावर काहीच नाही. ती विरघळणारी होती, तेव्हा तिची ओळख पटते ती नीबूरने छापून आणलेल्या पानांवरूनच.